न नोंदलेली मासळी

समुद्रावरील चोरी ओळखावयाची, तर समुद्रांतून एकंदर किती मासळी निघते हें आधीं ठाऊक असावें लागतें. डॉ. डॅनियल पॉली यांनीं आपलें आयुष्य या हिशेबास वाहिलें. १९४६ सालीं पॅरिस येथें जन्मलेले हे शास्त्रज्ञ जर्मनींत शिकले, इंडोनेशिया व फिलिपाईन्स येथें त्यांनीं काम केलें, आणि १९९४ सालीं ते कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत आले.

राष्ट्रें आपापले आंकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेस कळवितात. परंतु जी मासळी चोरून धरली, जी मेलेली पुन्हा पाण्यांत फेकली, किंवा जी कोळ्याच्या घरींच शिजली, तिची नोंद बहुधा होत नाहीं. आणि कोरा रकाना म्हणजे शून्य असें मानलें जातें. पॉली व डर्क झेलर यांनीं २०१६ सालीं हे रकाने अनुमानानें भरून दाखविले. १९९६ सालची मासळी दप्तरीं ८ कोटी ६० लाख टन होती. ती सुमारें १३ कोटी टन निघाली.

हा सारा फरक चोरीचा नव्हे, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. तथापि दप्तरच अपुरें असेल, तर सरकारें चोरास कशाच्या आधारें हटकणार, आणि गरीब कोळ्याचा वांटा कसा राखणार? पॉली यांच्या परिश्रमाचें मोल या प्रश्नांत आहे.