पिकअपचे अधूनमधून लागणारे दिवे
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. मी पिकअपवर बोलायला उभा राहिलो याचे काहींना नवल वाटेल. पण शेतात आलेला माल बाजाराच्या वेळेला पोहोचला नाही, तर आमच्या शिफारशींचा उपयोग काय? हे मी अनुभवाने सांगतो.

२०२३ च्या दसऱ्याला थोरल्या भावाचा झेंडू भरून आम्ही रात्री जुन्नरहून कल्याणला निघालो. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा आठ दिवसांपासून लागे आणि विझे. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली, तरी दिवा लुकलुकतच राहिला. माळशेज घाटात एका वळणावर बॅटरी, ब्रेक आणि इंजिन असे तिन्ही दिवे एकदम लागले आणि हेडलाईट मंदावले. घाटात, त्या अंधारात पुढे जाणे शक्यच नव्हते. उजाडेपर्यंत गाडी कडेला उभी केली. कल्याणला पोहोचलो तेव्हा पहाटेचा बाजार होऊन गेला होता आणि भावही उतरला होता.

दोष निघाला तो इंजिनपासून चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. गाडीतून खताची पोती नेली जात. सांडलेले खत ओल धरते आणि धातू खाते. पट्टीचा नट वरून घट्ट दिसत होता, पण खाली हिरवा गंज धरला होता. नवी बॅटरी विनाकारण घेतली गेली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिवा एकच लागत असेल, तर दोष बहुधा त्या भागाचा किंवा त्याच्या वायरीचा असतो. दोन-तीन असंबद्ध दिवे एकदम लागून विझत असतील, तर प्रथम सर्वांना समाईक असलेल्या गोष्टी, म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग, फ्यूज आणि डायनॅमो तपासावेत. पिकाचे एकच पान पिवळे पडणे आणि सगळा वाफाच पिवळा पडणे यांत आपण फरक करतो, तसाच हा प्रकार आहे.

अर्थिंगची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून हेडलाईट लावावेत. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरावी. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर जोड खराब समजावा. नंतर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर पाहावे. चालू इंजिनला साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी मिळाल्यास फॅनबेल्ट ढिला आहे का ते पाहावे, मग डायनॅमोकडे वळावे. बेल्टला हात लावायचा तो इंजिन बंद करूनच.

दिवा गॅरेजमध्ये लागत नाही, ही सर्वांचीच तक्रार असते. म्हणून गाडीत वही ठेवावी. दिवा कोणता, चढावर की वळणावर, ब्रेक दाबल्यावर की खड्ड्यात, पाऊस होता का, गाडी भरलेली होती का, एवढे लिहावे. दुरुस्तीचे निम्मे काम तेथेच होते. वळणावर किंवा चढावर ऑईलचा दिवा क्षणभर लागला, तर ऑईल कमी असून ते पंपाच्या तोंडापासून बाजूला सरकत असावे. ब्रेकचा दिवा उतारावर लागत असेल, तर ब्रेक ऑईलची पातळी उतरलेली असू शकते. त्यात नुसते ऑईल ओतून समाधान मानू नये. लायनर झिजले आहेत का, कोठे गळती आहे का, हे पाहावे. खडीच्या रस्त्यावर हाच दिवा लुकलुकला, तर हॅन्डब्रेकचा स्विच तपासावा.

ऑईलच्या लाल दिव्याबाबत मात्र वही नको आणि परीक्षाही नको. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. पाच-दहा मिनिटांनी सपाट जागी पट्टी काढून पातळी बघावी. पातळी योग्य असूनही दिवा लागत असेल, तर इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून न्यावी. "बाजार पाच किलोमीटरवर आहे, तेवढे जाऊ" हा विचार इंजिनला महागात पडतो.

डिझेल पिंपात साठवणाऱ्यांनी पावसाळ्यात फिल्टरमधील पाण्याच्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी काढता येते. गाडी गोठ्याजवळ किंवा कडब्याशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, हेही बॉनेट उघडून पाहावे.

इंजिनचा पिवळा दिवा लागून गेला असेल, तर बॅटरीची वायर सोडण्याआधी गाडी स्कॅनरला लावून कोड वाचून घ्यावा. वायर सोडली की अनेक गाड्यांत ही नोंद पुसली जाते आणि मेकॅनिकला पुन्हा अंदाजावर काम करावे लागते. कोड वहीत उतरवल्यावरच टर्मिनल साफ करावेत. त्या वेळी ऋण वायर आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी.