हत्ती पकडणाऱ्यांच्या मनावरील ताण

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये अठराव्या क्रॉस रस्त्यावर अरण्य भवन आहे. कर्नाटक वनखात्याचे हे मुख्यालय. माणसांच्या जिवावर उठलेला हत्ती पकडावयाचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी हुकूम लागतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दात जिवंत पकडणेही धरले आहे. तेव्हा कायद्याच्या भाषेत हे हत्ती पकडणारे शिकारीच ठरतात, जरी त्यांना हत्ती मारावयाचा नसतो.

हत्ती अंगावर धावून येतो तोच सर्वांत कठीण क्षण, अशी पुष्कळांची समजूत असते. पण त्या वेळी भिण्यासही फुरसत नसते. मन पोखरते ती बंदुकीतून गुंगीच्या औषधाची सुई सुटल्यानंतरची घटका. औषध भिनावयास दहा-पंधरा मिनिटे लागतात. हासन जिल्ह्यातील कॉफीच्या मळ्यांतून तेवढ्या वेळात हत्ती कोठेही जाईल. पाण्यात शिरला तर बुडेल. छातीवर बसला तर स्वतःच्याच भाराने त्याचा श्वास कोंडेल. मात्रा कमी पडली तर माणसांच्या जिवाशी गाठ, अधिक झाली तर हत्तीच्या. आणि ती ठरवावयाची ती दुरून, वजनाच्या अंदाजाने! ऑगस्ट 2023 मध्ये याच जिल्ह्यात एका जखमी हत्तीला गुंगी देताना एक मुरलेला नेमबाज प्राणास मुकला.

हत्तीचा ताण मोजता येतो. मल्लेश्वरमजवळच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी लिदीतील संप्रेरकांचे अंश तपासले, तेव्हा पिकांवर चरणाऱ्या हत्तींत ते जंगलातील हत्तींहून कमी आढळले. सकस आहार हे त्यांनी सुचविलेले कारण. शेतकऱ्याला हे ऐकून काय वाटेल, ते सांगावयास नको.

माहुताचे दुःख निराळे. कर्नाटकातील हत्तीतळांवर पुष्कळसे माहूत जेनु कुरुब समाजाचे आहेत. रानहत्तीपुढे त्यांना स्वतः सांभाळलेला हत्ती उभा करावा लागतो. अर्जुन 1968 मध्ये काकनकोटे येथील खेड्यात, म्हणजे हत्ती कोंडण्याच्या कुंपणात, सापडला होता. 2012 ते 2019 म्हैसूरच्या दसऱ्यात त्याने सुवर्ण अंबारी वाहिली. साठी उलटल्यावर अंबारी उतरली, मोहिमा मात्र सुटल्या नाहीत. 4 डिसेंबर 2023 रोजी येसळूरच्या रानात एका रानहत्तीशी झुंजताना तो मेला. त्याच्या माहुताचा आक्रोश साऱ्या राज्याने पाहिला. इतक्या वयाच्या हत्तीस तेथे न्यावे काय, असा वादही झाला. मोहिमा पुढेही चालू राहिल्या; दुसऱ्या हत्तींवर दुसरे माहूत बसले.