शाळा बंद, शिक्षण कोणाचे सुरू?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोविडच्या काळातील प्राथमिक शिक्षणाची कहाणी दोन प्रकारे सांगितली जाते. पहिल्या प्रकारात कौतुक असते. घरात बसून मुलांनी चित्रे काढली, मातीची भांडी घडविली, पाढे म्हणून दाखविले, कुंडीत बी पेरून रोज त्याची उंची मोजली आणि या साऱ्याची छायाचित्रे गुरुजींना पाठविली. दुसऱ्या प्रकारात हानीचा हिशेब असतो. इतकी मुले वाचन विसरली, इतक्यांना वजाबाकी येईनाशी झाली. दोन्ही कहाण्या खऱ्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. ज्यांची छायाचित्रे पोहोचली त्यांच्यापलीकडे पहिली कहाणी जात नाही. दुसरी कहाणी मुलांकडे केवळ तूट म्हणून पाहते. त्या मुलांनी काय केले हे तिच्या रकान्यांत मावत नाही. समाजवादी कार्यकर्त्याने या दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न विचारला पाहिजे: त्या काळात श्रमिकांच्या मुलांना जे मिळाले ते कोणामुळे मिळाले, आणि जे गेले ते कशामुळे गेले?

प्रथम काही तारखा ध्यानात घेणे आवश्यक आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीची मुले परीक्षेवाचून वरच्या वर्गात गेली. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातील उपाहारगृहे व मद्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडली. नववी ते बारावीच्या वर्गांना २३ नोव्हेंबर २०२० पासून, तर पाचवी ते आठवीच्या वर्गांना २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने मुभा मिळाली. दुसऱ्या लाटेत ती मुभाही गेली. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग भरण्यास मात्र १ डिसेंबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला; आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही काळ बंद झाले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या खेड्यातील मुलाने आपल्या वर्गात पहिले पाऊल टाकले ते दुसरीचे अर्धे वर्ष उलटल्यावर.

साथीचे संकट खरे होते, त्यात माणसे गेली, आणि आरंभीच्या महिन्यांत शाळा बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो क्रमाविषयी. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सर्वांत लहान मुलांना प्रथम बोलावले, कारण लहान मूल एकटे शिकू शकत नाही आणि ते घरी असेल तर आईबापांना कामावर जाता येत नाही. महाराष्ट्रात सर्वांत लहानांना सर्वांत शेवटी बोलावले गेले. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांची तक्रार हीच होती की, सरकारचे लक्ष आणि पैसा वरच्या शिक्षणाकडे जातो आणि कर भरणाऱ्या कष्टकऱ्यांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यानंतरही अग्रक्रमाची ती उतरंड हललेली नाही, हे या तारखांवरून दिसते.

आता घिवलीकडे पाहू. पालघर तालुक्यातील हे समुद्रकाठचे गाव तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या शेजारी आहे. भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली येथे सुरू झाले आणि त्याची वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांना मिळाली. जवळच बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. देशाच्या विज्ञानाचे आणि उद्योगाचे मोठे नाव या टापूशी जोडलेले आहे. परंतु २०२० साली या टापूतील मच्छीमाराच्या, वाडीवर राबणाऱ्या मजुराच्या किंवा कारखान्यातील कंत्राटी कामगाराच्या मुलाचे शिक्षण अणुभट्टीवर अवलंबून नव्हते. ते बापाच्या खिशातील एका फोनवर अवलंबून होते.

या फोनचा दिनक्रम विचारात घेण्यासारखा आहे. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो कमावत्या माणसाबरोबर घराबाहेर जातो. पावसाळी मासेमारीबंदी उठून ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या की फोनही समुद्रात जातो. कारखान्याची पाळी सुरू झाली की तो कारखान्याच्या फाटकाआत जातो. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्यावर दोन-तीन भावंडांचा हक्क असतो. त्यात आठवी-नववीच्या मुलाचा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो, मग मुलाचा आणि शेवटी मुलीचा. दुसरीतल्या धाकटीच्या वाट्याला उरते ती संपत आलेली बॅटरी. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्याला तडाखा दिला तेव्हा वीजही गेली. अशा परिस्थितीत ज्या मुलांनी स्वाध्याय पूर्ण केले त्यांचे कौतुक करताना शब्द अपुरे पडावेत. परंतु ते कौतुक यंत्राच्या खात्यावर जमा करणे हा त्या मुलांवर अन्याय होईल.

शासनाने या काळात काही केले नाही असे म्हणणे योग्य होणार नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजची अभ्यासमाला पाठविली गेली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तिचे महत्त्व असे की, तिला इंटरनेट लागत नव्हते आणि घरातील माणसांना बरोबर घेऊन करावयाच्या कृतींवर तिचा भर होता. व्हॉट्सॲपवर प्रश्नमंजुषा आल्या. परंतु या सर्वांचा प्रवास वरून खाली होता. खाली तो स्वीकारणारा हात असेल तेथेच शिक्षण झाले. हा हात कधी सातवी शिकलेल्या आईचा होता, कधी बारावीतल्या ताईचा, तर कधी आठवड्यातून दोनदा पाड्यावर येऊन ओट्यावर चार-पाच मुलांना अंतराने बसविणाऱ्या शिक्षकाचा. याच शिक्षकांना त्या काळात घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणाचीही कामे होती, हे विसरता येणार नाही.

याच पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील दांडवळ गावाचे उदाहरण देशभर गाजले. तेथे २०२० च्या पावसाळ्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' सुरू केली. ध्वनिमुद्रित केलेले धडे ध्वनिक्षेपकावरून ऐकवावयाचे आणि तो ध्वनिक्षेपक घेऊन स्वयंसेवकांनी पाड्यापाड्यावर जावयाचे, अशी ती साधी योजना होती. सहा गावांतील सुमारे १,००० मुलांपर्यंत ती पोहोचली. सोलापुरात नीलमनगर या कामगार वस्तीतील आशा मराठी विद्यालयाने वस्तीतील घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. मुलांनी रस्त्यावरून जाता-येता बाराखडी वाचावी, गणिताची सूत्रे पाहावीत आणि घरच्या भिंतीशी उभे राहून अभ्यास करावा, ही कल्पना त्यामागे होती. एक योजना आवाजाची आणि दुसरी रंगाची. परंतु दोहोंमध्ये एक गोष्ट समान आहे: शिकण्यासाठी मुलाच्या घरी काही मालमत्ता असली पाहिजे, ही अट त्यांनी काढून टाकली. भिंत सर्वांची, आवाज सर्वांचा. ज्याच्याकडे फोन आहे त्यालाही तो मिळाला आणि नाही त्यालाही.

या भूमीला ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मूल शाळेत का येत नाही, असे विचारून त्या थांबल्या नाहीत. ते मूल दिवसभर असते कोठे, याचा त्यांनी शोध घेतला. ते गुरांमागे कुरणात असते असे दिसले तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. लहान मुलांसाठी पाड्यातल्या अंगणातच बालवाडी नेली. शिंपले, खडे, बिया, पाने हीच त्यांची शैक्षणिक साधने होती. २०२० साली किनाऱ्यावरचे एखादे मूल वाळूतील शिंपल्यांचे दहा-दहाचे ढीग करून दशक-एकक शिकले असेल, तर ते नकळत कोसबाडच्याच परंपरेत शिकत होते. दूरस्थ शिक्षण या शब्दाचा खरा अर्थ या जिल्ह्याने पंचाहत्तर वर्षांपूर्वी दाखविला होता. मूल दूर असेल तर शाळेने ते अंतर चालून जावयाचे असते. ते तोडण्याचा खर्च मुलाच्या बापावर टाकावयाचा नसतो.

तो खर्च बापावर टाकला तेव्हा काय झाले, याची नोंद झालेली आहे. सप्टेंबर २०२० मधील 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला; २०१८ साली हे प्रमाण ३६.५ टक्के होते. दोन वर्षांत झालेल्या या वाढीत अनेक गरीब कुटुंबांचे कर्ज आणि मोडलेले दागिने दडलेले आहेत, हे सांगावयास अर्थतज्ज्ञ नको. तरीही त्या पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काहीही अभ्याससाहित्य मिळाले अशी मुले सुमारे ३६ टक्केच होती. घरात फोन येणे आणि मुलापर्यंत शिक्षण येणे या दोन निराळ्या गोष्टी ठरल्या. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदींनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १,३६२ वंचित मुलांची पाहणी करून सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील ग्रामीण मुलांपैकी नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ८ टक्के होती आणि ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्णपणे थांबलेला होता. 'असर'च्याच पाहणीनुसार, देशात तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली २७ होती. २०२२ साली ती २० वर आली.

एके काळी या देशात शेतसारा भरणाऱ्यांना किंवा मालमत्ता असणाऱ्यांनाच मताचा अधिकार होता. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला तेव्हा ती अट गेली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत शिक्षणाच्या क्षेत्रात ती अट मागील दाराने परत आली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा जागेवरच होता. त्यातील एकही कलम रद्द झाले नव्हते. परंतु व्यवहारात तो हक्क ज्याच्या हाती फोन त्याचाच राहिला.

काही मित्र म्हणतील की, हा यंत्राला विरोध झाला. तसे नाही. फोनने अनेक मुलांना चांगले धडे दिले, दूरच्या शिक्षकाचा आवाज ऐकविला, आणि पुढेही तो उपयोगी पडेल. खडू-फळा हेही एके काळी नवे साधनच होते. परंतु खडू-फळा शाळेच्या मालकीचा होता. मुलाने तो घरून आणावयाचा नव्हता. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा त्या सक्तीचा भार संस्थानाने उचलला. साधन कोणतेही असो, त्याची जबाबदारी समाजाची, हे तत्त्व सोडले की उत्तमातले उत्तम साधनही विषमतेचे हत्यार बनते.

या अनुभवाचा उलटा अर्थ लावला जाण्याचा धोका आज समोर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्यासाठी प्रस्ताव मागविले. लहान शाळेत पुरेशी साधने नसतात, मुलांना सवंगडी कमी मिळतात, हे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. परंतु महामारीने शिकविलेला धडा असा की, संकटाच्या दिवशी मुलाला उपयोगी पडते ती चालत जाण्याच्या अंतरावरची शाळा आणि त्याचे घर ओळखणारा शिक्षक. वाहनाने दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचे वाहन बंद पडले की त्याची शाळाही बंद पडते. पाड्यावरची शाळा हलविण्यापूर्वी त्या ओट्यावरच्या वर्गांची आठवण ठेवली पाहिजे.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? जून २०२० मध्ये पहिलीत गेलेली ती मुले आता उच्च प्राथमिक वर्गांत पोहोचली आहेत. २०२२ नंतर सुधारणा झाली आहे, हे 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत दिसते: शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांत दुसरीचा मजकूर वाचणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून २३.४ टक्क्यांवर गेले. ही शिक्षकांच्या श्रमाची फलश्रुती आहे. परंतु ही सुधारणा पाठच्या तुकड्यांची आहे. मधल्या तुकड्या वरच्या वर्गांत सरकत गेल्या आणि शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण आठवीपाशी संपते. त्याआधी गावागावांत त्यांचा शोध घेतला पाहिजे. आपल्या गावातील कोणते मूल अजून अडखळत वाचते, कोणते शाळा सोडून बोटीवर किंवा कारखान्यात गेले, याची नावनिशीवार माहिती शाखेकडे असावी. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. तिच्या सभेत मच्छीमार बाई आणि कंत्राटी मजूर बोलू लागतील इतके काम जरी झाले, तरी पुष्कळ साधेल. संध्याकाळी दोन तास ओट्यावर वाचनवर्ग चालविण्यास शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि तो चालवीत असतानाच पुरेसे शिक्षक, शाळेच्या मालकीची साधने आणि पाड्याजवळची शाळा यांसाठी शासनाशी भांडण्याचेही सोडावयाचे नाही.

मुलांनी त्या काळात काढलेली चित्रे, केलेल्या वस्तू, लिहिलेल्या वह्या शाळांनी जपून ठेवाव्यात. ते श्रमिकांच्या मुलांच्या जिद्दीचे पुरावे आहेत. मात्र त्यांच्या शेजारी हजेरीपट ठेवावा आणि ज्यांच्याकडून एकही चित्र आले नाही त्यांची नावे प्रथम वाचावीत. कार्यकर्त्याचे काम त्या नावांपासून सुरू होते.