एका घरांतील दोन ताटें

मधुमेह घरांत शिरतो तो गाजावाजा न करतां. ताप नाहीं, कळ नाहीं, अंथरुणास खिळणें नाहीं. तहान थोडी अधिक लागते, रात्रीं दोनदां उठावें लागतें, सदरा सैल होतो. आणि मग एके दिवशीं रक्ततपासणीच्या कागदावर एक आंकडा उमटतो. त्या आंकड्यानें मनुष्य हादरतो. पण त्याहून अधिक हादरतें तें त्याच्या घरचें स्वयंपाकघर. कारण या रोगावरील औषध डॉक्टर देतात, परंतु पथ्य मात्र रोज दोन वेळां घरींच शिजवावें लागतें.

पुण्यांतील एका गृहस्थांची हकीकत या बाबतींत बोलकी आहे. वय अठ्ठावन्न, नोकरीचीं दोन वर्षें उरलेलीं, दुखणें असें कधीं ठाऊक नाहीं. रोगाचें निदान झालें तेव्हां तपासणींतच कांहीं चूक असावी, असें त्यांनीं पहिले आठ दिवस म्हणून पाहिलें. दुसऱ्या तपासणींत तेंच निघालें, तेव्हां रागाची पाळी आली. विडी-तंबाखूस कधीं शिवलों नाहीं, मग हें माझ्याच वांट्याला कां, असा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतें. त्यांच्या वडिलांना हाच रोग होता, एवढें मात्र खरें.

पत्नीनें पथ्याची बाजू निष्ठेनें उचलली. ती दोन स्वयंपाक करूं लागली. सर्वांसाठीं नेहमींचा भात, बटाट्याची भाजी, सणावाराला शिरा. आणि गृहस्थांसाठीं उकडलेली दुधी व कोरडी भाकरी. एकाच पंगतीला दोन तऱ्हेचीं ताटें मांडलीं जाऊं लागलीं. माउलीचा हेतु निर्मळ होता; पण त्या वेगळ्या ताटापुढें बसणाऱ्याला तें ताट शिक्षेसारखें वाटूं लागलें. ते खालीं मान घालून जेवीत व सर्वांच्या आधीं उठत. पुढें पुढें मध्यरात्रीं फडताळांतील डब्याचें झांकण वाजूं लागलें. पत्नीला तें ऐकूं येई. ती कूस बदलून गप्प राही. चोरून खाल्लेल्या लाडवाची चव त्यांनाही लागत नसे. परंतु शिक्षा झालेल्या मनुष्याला ती चुकविण्यांतच पुरुषार्थ वाटूं लागतो.

अशांत आषाढी एकादशी आली. सकाळीं त्यांनीं साखर उतरविणारी गोळी नेहमींप्रमाणें घेतली आणि उपवास म्हणून दुपारपर्यंत तोंडांत कांहीं घातलें नाहीं. बाराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात कांपूं लागले, बोलणें असंबद्ध झालें. घरच्यांना वाटलें, हा हृदयाचा झटका. सून मात्र सावध होती. ते गिळूं शकतात हें पाहून तिनें तीन चमचे साखर पाण्यांत कालवून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांत ते भानावर आले. ज्या साखरेच्या भीतीनें घर धास्तावलें होतें, तिनेंच त्या दिवशीं जीव राखला! पुढें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानें विचारल्याशिवाय उपवास करूं नये. आणि अशा वेळीं रोगी बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडांत कांहींही न घालतां त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

दिवस तेवढ्यावर संपला नाहीं. थकवा आला म्हणून त्यांना साबुदाण्याची खिचडी भरपूर वाढण्यांत आली, आणि सायंकाळीं साखर भलतीच चढली. साबुदाणा म्हणजे जवळ जवळ निव्वळ पिष्ट. पोटांत गेल्यावर त्याची साखरच होते. उपवासाचा पदार्थ म्हणून रक्त त्याला सवलत देत नाहीं. गुळाची व मधाची गोष्टही तीच. भाकरी कितीही खावी, हाही समज खोटा. ज्वारी चांगली खरी, पण तिलाही माप आहे. कारल्याचा रस व मेथीचे दाणे यांच्या भरंवशावर औषध सोडणें तर सरळ सरळ घातक होय.

त्या रात्रीं सून म्हणाली, "बाबा, उद्यांपासून या घरांत दोन ताटें नकोत. तुम्ही जें खाल तेंच आम्ही खाऊं."

बदल करावयाचा म्हणजे कांहीं परदेशी अन्न आणावयाचें नव्हतें. आपल्या ताटाची मांडणी सर्वांना ठाऊक आहे. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, उजवीकडे भाज्या व आमटी, मध्यें भात. व्यवस्था उत्तम आहे. बिघडलें आहे तें प्रमाण. मधला भात डोंगराएवढा झाला आणि कोशिंबीर बोटभर उरली. त्या घरानें एवढेंच केलें कीं, डोंगर उतरविला व कोशिंबीर वाढविली. अर्धें ताट भाज्या व कोशिंबीर, पाव ताट मटकीची उसळ, डाळ किंवा तत्सम पदार्थ, आणि उरलेल्या पाव भागांत भाकरी वा भात. कोशिंबीर व उसळ आधीं, भात शेवटीं. कारण या क्रमानें साखर सावकाश चढते. फळाच्या रसाऐवजीं फळ, आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटें चालणें. तेल-मीठ बेताचें, पण फोडणी मात्र खमंग. पथ्याचें अन्न बेचव असलेंच पाहिजे, असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

पथ्य म्हणजे उपासमार, हा समज एके काळीं खरा होता. इन्सुलिन हातीं येण्यापूर्वीं, लहानपणीं मधुमेह जडलेल्या मुलांना अन्न कमी कमी करीत जगविण्यापलीकडे वैद्यांजवळ उपाय नव्हता. अमेरिकेंतील एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी अशाच पथ्यावर 1922 च्या ऑगस्टपर्यंत तग धरून राहिली. चौदा वर्षांच्या त्या मुलीचें वजन वीस किलोच्या आसपास उतरलें होतें. त्याच महिन्यांत टोरांटो येथें डॉक्टर बँटिंग यांनीं तिला इन्सुलिन देण्यास आरंभ केला, आणि ती 1981 पर्यंत जगली. तिचा मधुमेह व उतारवयांत जडणारा मधुमेह एक नव्हेत, हें खरें. पण त्या काळचें तें रिकामें ताट आठवलें म्हणजे आजचें मापाचें ताट शिक्षा वाटत नाहीं.

एका ताटाचा लाभ केवळ रोग्यालाच होतो असें नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत मधुमेही सुमारे 10 कोटी, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले 13 कोटींहून अधिक आहेत. त्या उंबरठ्यावर पुष्कळदां रोग्याचींच मुलें उभीं असतात. अमेरिकेंत 2002 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत अशा उंबरठ्यावरील लोकांना बेताचा आहार, आठवड्याला दीडशें मिनिटांचा व्यायाम व थोडी वजनघट एवढेंच सांगण्यांत आलें; त्यांच्यांत रोग होण्याचें प्रमाण 58 टक्क्यांनीं कमी झालें. म्हणजे वडिलांसाठीं मांडलेलें ताट मुलांसाठींही औषधच ठरतें.

त्या गृहस्थांचा रोग गेला नाहीं. जाईल असें कोणी सांगितलेंही नाहीं. गोळी चालू आहे. दर तीन महिन्यांनीं तपासणी होते, वर्षांतून एकदां डोळे व मूत्रपिंडें पाहिलीं जातात, आणि रोज रात्रीं ते स्वतः पायांचे तळवे न्याहाळतात. मात्र फडताळाचें झांकण आतां वाजत नाहीं. गणेशचतुर्थीस घरांत मोदक झाले. त्या दिवशीं सर्वांनींच भात वगळला, प्रत्येकाच्या ताटांत एकेक मोदक आला, आणि गृहस्थांच्या ताटांतही तेवढाच. तो त्यांनीं सर्वांच्या देखत, सावकाश, चव घेत खाल्ला. आणि त्या दिवशीं ते पंगतींतून सर्वांच्या शेवटीं उठले.

मोठें दुखणें सोसण्याचें बळ औषधाइतकेंच पंगतींतून येतें. ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं आज रात्रीं त्याचें ताट पाहावें. आणि तें आपल्या ताटाहून निराळें असेल, तर त्याचें नव्हे, आपलें ताट बदलावें.