कोंबड्याचे खाद्य आणि अंड्याची फलितता



आपल्या ताटात येणाऱ्या अंड्यास कोंबड्याची आवश्यकता नसते. तलंग वयात आली म्हणजे नरावाचून अंडी घालते. पिल्लू निपजावयाचे असेल तर मात्र नर हवा. पैदाशीच्या कळपात साधारणपणे दहा माद्यांमागे एक नर ठेवितात. तो निकामी झाला म्हणजे दहा माद्यांची अंडी वाया जाण्याचा संभव. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापिलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा पुढे पुण्यात मोठा विस्तार झाला, आणि आमच्या मावळातही भाताच्या जोडीस कोंबड्या पाळणारे पुष्कळ आहेत. नराची फलनशक्ती वाढविणारी म्हणून जी पूरक द्रव्ये बाजारात मिळतात, त्यांची खरी मातब्बरी किती, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कोंबड्याच्या शुक्राणूच्या आवरणात एका विशिष्ट जातीच्या स्निग्ध द्रव्याचा भरणा असतो. जुने तेल खवट होते, तसे हे द्रव्य प्राणवायूच्या योगे लवकर बिघडते. तो बिघाड थोपविण्याचे काम 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियम ही दोन करितात. पहिल्याचा शोध १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांनी उंदरांवरील प्रयोगांतून लाविला. त्याचे टोकोफेरॉल हे नाव 'अपत्यदायी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून पडले. सेलेनियम मात्र अत्यल्पच हवे. अधिक झाल्यास ते विष ठरते. ते मुठीने मोजणाऱ्याच्या धाडसास काय म्हणावे!

आता मावळचा पावसाळा ध्यानात घ्या. आषाढात वडगावास घरांच्या भिंतींनाही ओल येते. अशा हवेत कोंदट खोलीत रचलेली मक्याची व भुईमुगाच्या पेंडीची पोती बुरशी धरितात, आणि तीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उपजते. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी दगावले, त्याच्या तपासातून हे विष उघडकीस आले. त्याने यकृत तर बिघडतेच, पण नराचे वीर्यही क्षीण होते. शिवाय खवटलेल्या खाद्यातील 'ई' जीवनसत्त्व नष्ट होत जाते ते निराळेच. माझ्या मते पुडीच्या आधी पैसा फळ्यांवर खर्चावा, आणि पोती जमिनीपासून व भिंतीपासून सुटी ठेवावी.

यातील दगा असा, की हानी तत्काळ दिसत नाही. मादीच्या अंडनलिकेत शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. त्यामुळे नर बिघडल्यावरही काही दिवस अंडी फलित होत राहतात. पुढे उबवणीच्या सातव्या दिवसाच्या सुमारास अंडे दिव्यासमोर धरावे, तो आत काहीच नाही! सुधारणाही तितकीच सावकाश, कारण नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत गुण देणाऱ्या पुडीवर भिस्त ठेवणाऱ्याने हे गणित एकदा मांडून पाहावे.

नर व मादी यांस एकच खाद्यही घालू नये. कवचासाठी मादीच्या खाद्यात कॅल्शियम शेकडा तीनहून अधिक लागते. नरास एकाहूनही कमी पुरते. नर खाऊन जड झाला, की त्यास समागम साधत नाही. यास्तव मादीच्या खाद्यपात्रावर अरुंद जाळी बसवितात, तीतून नराचे तुऱ्यासह डोके आत शिरत नाही. नराचे पात्र मादीची मान पोचणार नाही इतके उंच टांगतात. दर आठवड्यास काही नर काट्यावर तोलावे, आणि पुढील आठवड्याच्या खाद्याचे माप त्यावरून ठरवावे.