पोरगी खमकी आहे, ती बघून घेईल

(ऊसतोडीवरून बायका घरी परतल्यावर, जून महिन्यात शिरूर कासार येथे आई आणि मुलींचा एकत्र मेळावा झाला. त्यात केलेले हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या पोरींनो,

मला आज ‘मुलींचे उच्चशिक्षण आणि शिष्यवृत्त्या’ असा विषय दिला आहे. पत्रिकेत माझ्या नावापुढे एम.एस.डब्ल्यू. असंही छापलंय. ते बघून वाटलं, योजनांची यादी वाचून दाखवावी आणि खाली बसावं. यादी आणली आहे, ती सांगणारच आहे. पण त्याआधी माझ्या घरातली एक चूक सांगते. दुसऱ्याच्या घरातल्या चुका आपण मेळाव्यात नेहमीच सांगतो.

माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणी तिला ओळखता. सातवीत असताना ती ग्रामसभेत उभी राहिली होती. शाळेत मुलींसाठी मुतारी बांधली असं कागदावर आहे, ती कुठे आहे ते दाखवा, असं तिनं विचारलं. सभा आधी हसली, मग गप्प झाली. त्या दिवसापासून गावात तिचं एकच वर्णन: पोरगी खमकी आहे. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, माझ्या कामाची ती जाहिरातच होती. शिबिरात मी मुलींच्या आत्मविश्वासावर बोलायचे आणि बायका म्हणायच्या, ताईंची पोरगी बघा.

पण मुलगी सोळा-सतराची झाली की तिचा आत्मविश्वास ग्रामसभेपुरता राहत नाही, तो घरात येतो. बारावीनंतर तिनं नर्सिंगला जावं असं मी मनात ठरवून टाकलं होतं. काम कायम मिळतं, जवळपास राहता येतं, बाईला साजेसं आहे. होय, ‘साजेसं’ हा शब्द माझ्याच तोंडून गेला आणि तिनं तो लगेच पकडला. तिला कृषी अभियांत्रिकीला जायचं होतं. मला वाटलं, ट्रॅक्टर दुरुस्तीचा कोर्स असेल. तिनंच मला समजावलं की चार वर्षांची पदवी आहे, सीईटी द्यावी लागते, राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत ती महाविद्यालयं आहेत आणि त्यांशिवाय खासगीही आहेत. मी विचारलं, शिकून करणार काय? म्हणाली, “ऊस तोडायचं यंत्र करीन. लहान, आपल्या वावरात फिरेल असं.”

आता मी गेली बारा वर्षं कोयत्याच्या बायकांबरोबर काम करते. माझा पारा चढला. म्हटलं, यंत्र आलं तर या बायांनी खायचं काय? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्यामागे लोक किती भांडले ते तुला ठाऊक आहे का? ती शांतपणे म्हणाली, “आई, तू कोयत्याला भाव मागतेस. मला कोयताच नको आहे.” आणि माझ्याच कपाटातला कागद काढून आणला. २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी पुढे आलेले आकडे. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. “हे काम वाचवायचंय का तुला?” असं तिनं विचारलं.

या बाबतीत मी आजही तिच्याशी पूर्ण सहमत नाही. यंत्राचा मालक कोण होणार, ज्याला कर्ज मिळतं तोच. मोळी बांधणाऱ्या बाईच्या नावावर यंत्र होत नाही. तो वाद आमच्या घरात अजून चालू आहे आणि चालू राहो. पण त्या रात्री मला कळलं की मुलींनी प्रश्न विचारावेत असं मी वीस गावांत सांगितलं, तेव्हा ते प्रश्न सरपंचाला, मास्तरला, बापाला विचारले जातील असं धरून चालले होते. मला विचारले जातील हे माझ्या हिशेबात नव्हतं.

बरं, माझं घर त्यातल्या त्यात सुखी. तुमच्यापैकी कितीतरी जणींची अडचण याच्या फार अलीकडची आहे. दिवाळी झाली की टोळी निघते. बारावीची पोर आजीजवळ ठेवून तुम्ही जाता आणि चार-पाच महिने जीव टांगणीला. मग कुणीतरी म्हणतं, उजवून टाका, जबाबदारी मिटेल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे लग्न झालं की मुकादमाची नवी उचलही मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, आपल्या जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायकांपैकी त्रेचाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा सुमारे बावीस. म्हणजे आपण दुप्पट. त्यामुळे इथे एखादी पोर बारावी होऊन कॉलेजच्या दारात पोहोचली की आपल्याला वाटतं, जिंकलो. मलाही तसंच वाटलं. चूक इथूनच सुरू झाली.

तिचा नंबर एका खासगी महाविद्यालयात लागला. इथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येणार नाही इतकं लांब. २०२४-२५ या वर्षापासून, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. आधी निम्मी भरत होतं. निर्णय चांगला आहे. पण तो ऐकून गावात असा समज झाला की मुलींचं शिक्षण फुकट झालं. फी माफ झाली, पण मेस माफ झाली नाही. खोलीचं भाडं, बस, वह्या, ड्रॉइंगचं सामान, महिन्याच्या महिन्याला लागणारे पॅड, यातलं काहीच माफ झालं नाही. शिवाय प्रवेशाच्या वेळी ‘इतर शुल्क’ म्हणून जे मागतात ते रोख मागतात.

आम्ही तिच्या हातात १५,००० रुपये दिले आणि म्हणालो, शिष्यवृत्ती आली की पुढचं बघू. घरात किती शिल्लक आहे, बचत गटाचं कर्ज किती फिटायचंय, तिचे वडील कुणाकडून उसने आणणार आहेत, यातलं एक अक्षर तिला सांगितलं नाही. लेकराच्या डोक्याला ताप नको. आणि तिलाही विचारलं नाही की तुझा महिन्याचा खर्च किती. पोरगी खमकी आहे, ती बघून घेईल.

पुढे झालं ते असं. पहिलीत नाव घालताना मी हट्टानं तिच्या नावापुढे माझं नाव लावलं होतं, वडिलांचं नाही. हेडमास्तरांशी भांडून लावलं होतं. दहावीच्या प्रमाणपत्रावरही तेच आलं. पण आधार कार्ड गावातल्या कॅम्पमध्ये वडिलांनी काढलं, तिथे त्यांचं नाव लागलं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. ऑक्टोबरमध्ये शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, नाव जुळत नाही म्हणून. तिनं तिथल्या टेबलावर वाद घातला. बाहेर जा म्हणून सांगितलं, तेव्हा बाहेर आली. आणि आम्हाला काहीच कळवलं नाही.

का कळवलं नाही? नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, “लहानपणापासून तुम्ही सांगत आलात, आपली पोर रडूबाई नाही. मग रडायला कुणाकडे यायचं होतं?” दुसरंही कारण होतं. नाव मी लावलेलं. माझ्या तत्त्वामुळे पैसे अडले हे मला सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं.

डिसेंबरमध्ये मला एका बाईचा फोन आला. ती आज इथे बसली आहे, नाव घेतलेलं तिला आवडणार नाही. ती तेव्हा कर्नाटकात फडावर होती. ट्रॅक्टरवाल्याकडे मोबाइल चार्ज करून दर रविवारी लेकीला फोन करायची. तिची लेक त्याच गावात नर्सिंगला आहे, दोघी एकाच खोलीत राहतात. ती मला म्हणाली, “ओ ताई, तुमची पोरगी एकच टाइम जेवती म्हणं. तुम्हाला ठावं हाय का?”

मला ठाऊक नव्हतं. दोन महिने एका वेळेची मेस बंद करून ती पैसे पुरवत होती. पहिल्या सत्रात एका विषयात राहिली, तेही मला उशिरा कळलं. त्या दोन महिन्यांत मी तिला पाच-सहा वेळा तरी फोन केला असेल. काय बोलले? अभ्यास, करिअर, पुढे एम.टेक. करणार का. आणि फडावरची बाई, जी अंगठा देते, ती लेकीला काय विचारायची? काय खाल्लं, किती लागले, किती उरले, कुणाचे द्यायचेत. आणि स्वतःचंही सांगायची. या आठवड्यात इतके टन भरले, दोन खाडे पडले, उचलीतून इतकं फिटलं, तू एवढ्यात भागव. लेकीला आईचा सगळा हिशेब तोंडपाठ. तिनं म्हणे एकदा आईलाच सांगितलं, नवीन साडी घेऊ नको, माझी परीक्षा फी आली आहे. ऐकून मी ओशाळले.

मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं गेले. दुरुस्ती किती अवघड होती म्हणता? दहावीचं प्रमाणपत्र घेऊन आधार केंद्रात गेलो, नाव बदलायचा अर्ज दिला. थोड्याच दिवसांत आधारवर माझं नाव आलं. मग बँकेत, मग अर्ज पुन्हा. ऑक्टोबरमध्ये बोलली असती तर ऑक्टोबरमध्येच मिटलं असतं. वडिलांचं नाव लावून टाकू का, असं मी तिला मधेच विचारलं. सोपं गेलं असतं असंही नाही, पण माझा धीर सुटला होता. ती नाही म्हणाली. आता नवा नियम आला आहे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं. त्या बाळांचं पुढे असं अडणार नाही. पण आज इथे बसलेल्या पोरींचं अडेल, म्हणून सगळे कागद एकाच नावाचे आहेत का ते आज घरी जाऊन बघा.

आता यादी. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या फी माफीचं सांगितलं. ते सरकारी प्रवेश फेरीतून आलेल्या मुलींना आहे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही. एजंट हे सांगत नाहीत. राहण्या-जेवणासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींना स्वाधार योजना आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ज्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही त्यांच्यासाठी. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००, तालुक्याला ३८,०००. ज्यांच्या पोरी सातवी-आठवीत आहेत त्यांनी आठवीची एनएमएमएस परीक्षा सोडू नये. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. पैसे यायला उशीर होतो. सगळ्याच योजनांचे होतो. म्हणून पहिल्या चार महिन्यांचं जेवण आणि भाडं कुठून येणार, हे पोरीला समोर बसवून आधी ठरवा. बापालाही बसवा. नाही बसला तर दोघी बसा.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, दर वर्षी नवा काढावा लागतो. जातीची पडताळणी बारावी होईपर्यंत थांबवू नका. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच सहा महिने जातात. आणि ओटीपी. तुम्ही हसता, पण अर्ध्या पोरींचे अर्ज तिथे अडतात. आधारला बापाचा नंबर, बाप फडात, फोन बंद, पोरगी इथे सेतू केंद्राच्या रांगेत. नंबर पोरीचा लावा. खातं पोरीच्या नावावर, पासबुक पोरीच्या हातात. भाऊ पैसे काढून आणतो ही पद्धत बंद करा, मग तो भाऊ कितीही गुणी असू द्या.

पोरींनो, तुमच्याशी एवढंच. तुम्ही धीट आहात म्हणून तुम्हाला कुणी विचारत नसेल, तर तुम्ही सांगा. उपाशी राहून धीटपणा सिद्ध होत नाही. माझ्या मुलीला हे अजून पूर्ण पटलेलं नाही.

दसऱ्याच्या आत सगळ्यांचे आधार आणि दाखले तपासून झाले पाहिजेत, त्यानंतर तुम्ही फडावर असाल. आज चहा झाल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर सुरुवात करू. सुट्टीला माझी मुलगी आली आहे, ती कागद बघेल. मुकादमाचा हिशेब कुणाला मांडून घ्यायचा असेल तर तेही तिच्याकडून मांडून घ्या. फक्त यंत्राचा विषय काढू नका, संध्याकाळची गाडी चुकेल.