नऊ डाव आणि एक भोपळा



मुलांनो, मघाशी माझी ओळख करून देताना ताईंनी माझ्या यशाची लांबलचक यादी वाचली. ऐकताना मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हणून आज ज्याची यादी एका शून्यात आटोपते, अशा माणसाची गोष्ट सांगतो.

त्याचं नाव सेमूर क्लार्क. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रकाठी वेस्टन-सुपर-मेअर नावाचं गाव आहे, तिथे तो १९०२ साली जन्मला. पोटापाण्यासाठी रेल्वेचं इंजिन चालवायचा आणि हौसेनं यष्टिरक्षण करायचा. १९३० साली सॉमरसेट कौंटीचा नेहमीचा कीपर वॉली लकेस आजारी पडला आणि या इंजिन ड्रायव्हरला बोलावणं आलं.

पाच सामने. नऊ डाव. सात वेळा बाद, दोनदा नाबाद. धावा किती असतील? कुणी वीस म्हणतंय, कुणी दहा. मुलांनो, एकही नाही! एसेक्सच्या पीटर स्मिथला म्हणे त्याची दया आली. निदान एकदा तरी भोपळा फुटावा म्हणून त्यानं दोन टप्पे पडणारा चेंडू टाकला. आमचा क्लार्क त्यावरही त्रिफळाचीत! प्रथम श्रेणीत एकही धाव न काढता सर्वाधिक डाव खेळल्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे.

हसलात ना? मीही पोटभर हसलो होतो. मग मनात आलं, एवढे भोपळे पदरात पडूनही कौंटीनं त्याला पुन्हा पुन्हा का खेळवलं? उत्तर यष्टींच्या मागे होतं. तिथे त्यानं आठ झेल घेतले. आणि कीपरचं खरं काम तर धावफलकावर उलटंच दिसतं. त्याच्या हातून चेंडू सुटला की ‘बाय’च्या रकान्यात आकडा चढतो. अडवला की तिथे काहीच लिहीत नाहीत. म्हणजे काम जितकं चोख, तितका रकाना रिकामा.

पुढे सॉमरसेटनं त्याला करार देऊ केला. त्यानं नकार दिला. ते मंदीचे दिवस होते. व्यावसायिक खेळाडूची कमाई उन्हाळ्याच्या हंगामावर अवलंबून असे, रेल्वेचा पगार मात्र बारा महिने मिळे. कौतुकानं हुरळून न जाता तो आपल्या इंजिनावर परतला. १९९५ साली, वयाची ९२ वर्षं पूर्ण करून, तो गेला.

आता तुमच्या बक्षिसांकडे वळू. टेबलावरचे कप चकचकीत आहेत. ज्यांना मिळणार आहेत त्यांनी ते मिरवत न्यावेत, तो तुमचा हक्कच आहे. पण त्याआधी मुख्याध्यापिका बाईंना एक विनंती. आज सोळा कार्यक्रम झाले. प्रत्येक वेळी पडदा वेळेवर उघडला, वेळेवर मिटला, एकदाही मध्ये अडकला नाही. म्हणून तर दोऱ्या कोण ओढतंय, हे बघायला कुणी मान वळवली नाही. मी मात्र इथे कडेला बसून पाहत होतो. विंगेत दोन मुलं उभी आहेत, घामानं चिंब झालेली.

बाई, पहिलं नाव पुकारण्याआधी त्या दोघांना जरा पुढे बोलवा. मला त्यांची नावं विचारायची आहेत.